डागी रुपया

जुनं नाणं विकत घेताना डाग पडलेलं घ्यावं की नाही, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. विचारणारा बहुधा नवा संग्राहक असतो आणि उत्तर त्याने मनात आधीच ठरवलेलं असतं. डागी आंबा आपण टोपलीतून बाजूला काढतो, मग डागी नाणं पैसे मोजून का घ्यायचं? विकणाराही हाच न्याय लावतो, डाग दिसला की किंमत उतरवतो. मला मात्र वाटतं, गोव्याच्या जुन्या नाण्यांचं या आंब्याच्या न्यायाने फार नुकसान केलं आहे. ते थोडं सविस्तर सांगतो.

आधी आपल्या हवेचा विचार करा. चार महिने पाऊस, भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांवर बुरशी, आणि किनारपट्टीला बारा महिने खारा वारा. अशा मुलखात एखादं नाणं सव्वाशे-दीडशे वर्षं पेटाऱ्यात, फडताळात, देवघरातल्या डब्यात राहिलं आणि तरीही आरशासारखं लखलखीत निघालं, तर मला आनंद होत नाही, शंका येते. लिस्बनच्या एखाद्या संग्रहात पहिल्या दिवसापासून कोरड्या जागी जपलेलं नाणं असेल तर गोष्ट निराळी. पण घराघरांतून बाहेर पडणारं नाणं स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा अर्थ एकच, कुणीतरी ते घासलं आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्यासमोर तीन नाणी होती. एक १८८२ सालचा चांदीचा रुपया, दों लुईश राजाचा. राजाच्या मानेवर मुगाच्या दाण्याएवढा काळपट डाग, मागच्या बाजूला राजमुद्रेजवळ दोन बारीक ठिपके, आणि कडेला एके ठिकाणी हिरवट छटा. दुसरा त्याच राजाचा १८८१चा रुपया, पण कालच टांकसाळीतून आल्यासारखा पांढराशुभ्र. तिसरा १९०१चा दों कार्लुशचा काशाचा पाव तांगा, अंगावर फिकट हिरवी टिंबं. पांढऱ्या रुपयाची किंमत डागी रुपयाच्या दीडपट सांगितली होती. पाव तांगा जवळजवळ फुकटात मिळत होता. विक्रेता सज्जन माणूस. पांढऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाब, होच व्हरात. हांवेंच नितळ केला तो."

त्याने हे लपवलं नाही याचं मला कौतुकच वाटलं. माझा निर्णयही तिथेच निम्मा झाला.

हे रुपये कुठले आणि का महत्त्वाचे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. जानेवारी १८८० पासून तो अंमलात आला आणि बारा वर्षांनी, १८९२च्या जानेवारीत, संपला. या करारामुळे गोव्याचा चांदीचा रुपया वजनाने आणि कसाने ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीचा ठरला. ११.६६ ग्रॅम वजन, बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. हे रुपये पाडले गेले ते ब्रिटिशांच्या कलकत्त्याच्या टांकसाळीत. म्हणजे चेहरा लिस्बनच्या राजाचा, हातोडा कलकत्त्याचा, आणि चालायचे दोन्ही राज्यांत! त्यापूर्वी गोव्यात शेराफिं चालत, ज्यांचं नाव मूळ अशरफीवरून आलेलं. ते मागे पडून रुपया आणि त्याचे सोळा तांगे हा हिशेब रुजला.

याच कराराच्या पोटातून मुरगावचं बंदर आणि रेल्वे आली. आणि याच करारात आपलं मीठ गेलं. गोव्यातल्या मिठाचं उत्पादन आणि विक्री यांच्यावर ब्रिटिशांचा ताबा आला, त्याच्या भरपाईपोटी पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळायचे ठरले. सरकारला पैसे मिळाले, मिठागरवाल्यांना मात्र त्याची झळ बसली. ज्यांच्या गावात आजही एखादं मिठागर तग धरून आहे, किंवा जिथे नुसतं 'अगर' हे नाव उरलं आहे, त्यांनी लुईशचा रुपया हातात घेतला तर तो निव्वळ चांदीचा तुकडा वाटणार नाही. मिठाचा उल्लेख मी मुद्दाम केला. पुढे तिसऱ्या नाण्यापाशी तो पुन्हा येणार आहे.

आता डाग. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेत गंधकाचा अंश असतोच. लोकरी कापड, रबराचे पट्टे, वर्तमानपत्राचा कागद, चुलीचा धूर यांतूनही तो येतो. चांदीवर त्याचा पातळ थर बसत जातो. आधी पिवळसर, मग तपकिरी, कधी निळसर, शेवटी काळा. थर सगळीकडे सारखा बसला तर संग्राहक त्याला पाणी चढलं म्हणतात आणि चांगलं चढलेलं असेल तर जास्त पैसेही मोजतात. थर एका जागी साचला की त्याला डाग म्हणतात आणि नाक मुरडतात! कुणाच्या बोटाचा घाम, बोलताना उडालेला थुंकीचा थेंब, ओल्या कापडाचा टोकाकडचा स्पर्श, एवढंही डाग पडायला पुरतं.

म्हणून डाग आहे की नाही याला मी फारसं महत्त्व देत नाही. त्या डागाने खाली काय केलं आहे, हे बघतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यावं, एकच दिवा ठेवावा आणि नाणं त्याखाली हळूहळू कलतं करावं. नव्या छापाच्या नाण्यावर एक झळाळी असते, नाणं कललं की ती चक्राच्या आऱ्यांसारखी फिरते. ठशाच्या दाबाखाली धातू बाहेरच्या बाजूला सरकताना ज्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात, त्यांची ती करामत. १८८२च्या रुपयावर अक्षरांच्या सावलीत, कडेलगत, ही झळाळी अजून जिवंत होती. मानेवरच्या डागाखाली खड्डा नव्हता, केसांच्या रेषा डागातूनही सलग जात होत्या. कडेची हिरवट छटा त्या बाराव्या भागातल्या तांब्याची. लाकडी काडीने हळूच टोकरून पाहिली, ती कडक होती, भुकटी सुटली नाही. डाग जिथे बसला तिथे बसला, पुढे सरकलेला नाही. असा डाग म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या हातावरचे तीळ. ते का आले आणि कधी आले हे विचारत बसण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी इथे सांगायला हवी. सगळेच डाग प्रामाणिक नसतात. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या अंगावर बारीक छिद्रं राहतात आणि ती झाकायला वरून काळं फासलं जातं. तेव्हा डागी नाणं घ्यायचं तर काटा जवळ हवाच. चालून झिजलेला रुपया ११.६६ ग्रॅमपेक्षा थोडा कमी भरेल, पण एक ग्रॅमची तफावत आली तर नमस्कार करून निघावं. व्हिक्टोरिया राणीचा त्याच काळातला ब्रिटिश रुपया सहज मिळतो, तो शेजारी ठेवून रंग, जाडी, काठावरच्या रेघोट्या पडताळून पाहाव्यात. कराराने दोन्ही नाणी सारखी केली होती, त्याचा एवढा तरी फायदा आपण घ्यावा.

पांढरा १८८१ त्याच दिव्याखाली धरला तेव्हा तो चमकला खरा, पण त्याची चमक फिरेना. नाणं कसंही कललं तरी सगळीकडे सारखीच, स्टीलच्या नव्या ताटासारखी. भिंगातून पाहिलं तर राजाच्या गालावर एकाच दिशेने ओढलेल्या केसाएवढ्या असंख्य रेघा. पावडर आणि ब्रश, दुसरं काय! चिंच, लिंबू, आमसुलं, राख, दंतमंजन, भांडी घासायची पावडर, आपल्या घरात जे जे म्हणून समईवर चालतं ते ते नाण्यांवर चाललेलं मी पाहिलं आहे. समईचं ठीक आहे. ती रोज घासावी, उजळावी, तिचं कामच उजळण्याचं. नाण्याची पृष्ठभूमी एकदाच तयार होते, ठसा पडतो त्या क्षणी, आणि तिचा वरचा एक सूक्ष्म थर गेला की तो जगातली कुठलीही पावडर परत आणून देत नाही. बाजारात जी द्रावणं मिळतात, ज्यांत बुडवलं की काळेपणा क्षणात जातो, तीही गंधकाबरोबर थोडी चांदी घेऊनच जातात.

हे माझं एकट्याचं खूळ नव्हे. अमेरिकेत १९८६-८७ मध्ये नाण्यांची प्रतवारी करून ती बंद डबीत घालून देणाऱ्या दोन मोठ्या संस्था निघाल्या. त्यांच्याकडे १ ते ७० अशी गुणांची पट्टी आहे. डाग असलेल्या नाण्यालाही तिथे गुण मिळतात, थोडे कमी. घासलेल्या नाण्याला मात्र साधे गुण देत नाहीत, 'साफ केलेलं' असा शेरा मारून बाजूला ठेवतात. म्हणजे ज्याला आपण दीडपट द्यायला निघतो ते नाणं जाणकारांच्या पंगतीत बसतच नाही.

पण मी विक्रेत्याला दोष देणार नाही. तो घासतो कारण आपण चकचकीत मागतो. गिऱ्हाईक काळ्या रुपयाला हात लावत नाही आणि पांढऱ्यावर झडप घालतं, हे त्याने रोज पाहिलेलं असतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही ब्रश उचलला असता. ही रुची फक्त नाण्यांपुरती नाही, हे जाता जाता सांगतो. आपल्या देवळांच्या भिंतींवरची कावी कला आठवा. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाची कोरीव चित्रं. जीर्णोद्धाराच्या नावाखाली किती ठिकाणी ती खरवडली गेली किंवा तैलरंगाखाली दडपली गेली! कुणी वाईट हेतूने केलं नाही, भाविकांच्या वर्गणीतूनच झालं. जुनं झालं, डागाळलं, आता छान करू या, एवढाच सरळ विचार. असो.

तिसऱ्या नाण्याकडे वळतो. खरं तर माझं मन तिथेच अडकलं होतं, कारण पाव तांगा हे गरिबाचं नाणं. पाव तांगा म्हणजे पंधरा रैश. चांदीचा रुपया पेटाऱ्यात जाई, हा मात्र बाजारात फिरे, मासळीच्या पाटीत पडे, मिठाच्या हातांतून जाई. घ्यावंसं फार वाटलं.

मराठीत 'कळंक' हा शब्द मोठा नेमका आहे. चंद्रावरचा तो कळंक, घराण्याला लागतो तो कळंक, आणि बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट ठेवल्यावर चढतो तोही कळंकच. आमच्या आज्या कळकलेली आमटी न बोलता ओतून देत. तांब्याचा हिरवेपणा दोन जातींचा असतो आणि दोन्ही ओळखता यायला हव्यात. एक कडक, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी, धातूला चिकटलेला. तो निरुपद्रवी, उलट आतल्या धातूचं रक्षण करतो. दुसरा फिकट, पोपटी, पिठासारखा. काडीने टोकरला तर भुकटी पडते आणि खाली खड्डा दिसतो. इंग्रजीत याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात, म्हणजे काशाचा रोग. रोग हे नाव अगदी योग्य आहे. क्षार, म्हणजे मिठातलं क्लोराइड, तांब्यात शिरतं. ओल आणि हवा मिळाली की त्यातून आम्ल तयार होतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, आणि क्लोराइड काही संपत नाही, पुन्हा पुढच्या तांब्याला लागतं. हे चक्र आपोआप थांबत नाही. हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवली तर रोग झोपून राहतो. गोव्यात आणि चाळीस टक्के! श्रावणात आमच्या घरी मिठाची बरणी पाणी सोडते.

त्या पाव तांग्यावरची टिंबं काडी लावताच भुकटी होऊन गळली. खाली कार्लुशच्या नावातलं एक अक्षर अर्धं खाल्लेलं होतं.

विक्रेता म्हणाला, चार पैशांचं नाणं, घ्या आणि साफ करा. इथे मी ठाम आहे. नाणं आत्ता जसं आहे तसं घ्यायचं. आपण त्याचं पुढे काय करू याची कल्पना घेऊन पैसे मोजायचे नाहीत. काशाच्या रोगावर उपाय आहेत. शुद्ध केलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजवून क्षार काढणं, काही विशिष्ट रसायनांचे लेप. संग्रहालयांच्या प्रयोगशाळांतून ते होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर करण्याचं ते काम नव्हे, आणि तिथेही खाल्लेलं अक्षर परत येत नाही. नाणं दुर्मीळ असतं, त्याचा दुसरा नमुना सहज मिळत नसता, तर मी ते घेऊन जाणत्या माणसाकडे दिलं असतं. १९०१चा पाव तांगा बरा सापडतो. तेव्हा नाही म्हटलं. वाईट वाटलं, पण नाही म्हटलं.

साफ करायचंच नाही का, असं कुणी विचारेल. एक अपवाद मी मानतो. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी वर्षानुवर्षं राहिली की त्या प्लास्टिकमधून सुटणाऱ्या द्रव्यांनी नाण्यावर चिकट हिरवट लेप बसतो. तो डाग नव्हे, बाहेरून आलेली घाण आहे आणि राहू दिली तर धातू खाते. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवलं तर ती सुटते, आणि ॲसिटोन चांदीला किंवा तांब्याला हात लावत नाही. घासायचं नाही, पुसायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि आसपास दिवा-काडी नको. आपल्याकडची कित्येक नाणी पूर्वजांच्या डब्यात सुखरूप राहिली आणि आपण हौसेने आणलेल्या अल्बममध्ये खराब झाली, हेही खरंच.

माझे एक स्नेही या सगळ्यावर हसतात. त्यांचं म्हणणं असं की नाणं ही गुंतवणूक, पुढे विकताना गिऱ्हाईक डागाकडेच बोट दाखवणार, मग भावनेत कशाला वाहायचं? त्यांचा मुद्दा खोटा नाही. डागी नाणं डागी नाण्याच्याच भावात घ्यायला हवं, आणि राजाच्या चेहऱ्यावरचा डाग कडेवरच्या डागापेक्षा जास्त नडतो, हे मी घासाघीस करताना विसरलो नव्हतो. पण नुसती चांदीच मोजायची तर हिशेब सोपा आहे. या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. किलोला एक लाख रुपये भाव धरला तर हजार-अकराशेची. २०२५ साली चांदीने आधीचे उच्चांक मोडले, तेव्हा किती घरांतले राजाचे रुपये शेटच्या मुशीत गेले असतील याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. काळे, डागी रुपये आधी जातात, कारण ते 'तसेही खराब' असतात. माझी तगमग आहे ती याच्यासाठी. डागाला नाक मुरडणारा संग्राहक नकळत त्या मुशीकडे नाणी ढकलत असतो.

उलट टोकाची अफवाही आहेच. जुनं नाणं म्हणजे लाखो रुपये, असं सांगणारे व्हिडिओ पाहून लोक नाणी घासून फोटो काढतात आणि भामट्यांच्या हाती सापडतात. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल लोकांना जाहीरपणे सावध करावं लागलं होतं. लाखाच्या नादी लागू नये, मुशीच्याही लागू नये. आजीच्या डब्यात राजाचा रुपया सापडला तर तो कडेला धरून, कोरड्या हातांनी, होता तसा काळा एखाद्या जाणत्याला दाखवावा. साखळीत ओवण्यासाठी शेटने कडी डाखलेली असेल तर तीही उपटू नये. किंमत कमी येईल, येऊ द्या. कुणाच्या तरी गळ्यात तो रुपया होता, हे त्या डाखावरूनच कळतं.

१८८२चा रुपया मी घेतला, सांगितलेल्या किमतीपेक्षा थोडा कमी देऊन. पांढरा दुसऱ्या कुणीतरी आठवडाभरात नेला असं कळलं. माझा रुपया कागदी पाकिटात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवला आहे. दर महिन्याला पुड्या बदलतो. आषाढात एकदा आणि गणपतीनंतर एकदा भिंगाखाली धरून पाहिला. मानेवरचा डाग होता तेवढाच आहे.